अंथरूण पाहून

एक्सेलच्या शीटला मी नाव दिलं 'कार्य',
आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं: नऊशे पौंड.
खाली नुसत्या चौकटी,
पाहुणे यायच्या आधी मांडलेल्या पाटांसारख्या.

व्हिसाच्या फीनं मांडव आधीच खाल्ला होता.
यशोधनचं गोदाम फेब्रुवारीत बंद पडलं,
आणि मी वॉर्डातल्या सिस्टरकडे
जास्तीच्या रात्रपाळ्या मागत होते,
शेजारणीकडे विरजण मागावं तशी.

आई फोनवर: "किती पानं?"
"चौदा."
तिकडे मिरजेत कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.
"चौदा पानं म्हणजे केळवण झालं गं.
लग्न कुठंय त्यात?"

केटररचा माणशी आकडा
मी मुद्दाम पौंडातच सांगितला.
तिनं मनात गुणाकार केलाच.
"श्रीखंड तूच कर," म्हणाली,
"चक्का टांगायला तिथं खुंटी आहे ना?"

खुंटी नव्हती. बाथरूमच्या नळाला
उशीच्या अभ्र्यात पाच किलो दही टांगलं,
तारीख उलटायच्या आदल्या रात्रीचं, निम्म्या किमतीचं.
दोन दिवस आम्ही बादलीनं अंघोळ केली.
फुलंही तशीच, पिवळ्या लेबलाची.
शेवंती मान टाकते, पण वेणीत कुणाला कळतं?

रजिस्ट्रार बाई प्रेमळ होत्या, नियम नव्हते.
देवाचं नाव नको. स्तोत्र नको. प्रार्थना नको.
"आणि तांदूळ?"
"तांदूळ तर मुळीच नको."
यशोधननं विचारलं, "सावधान चालेल?
त्यात देव नाही."
बाईंनी अर्थ विचारला. सांगितला.
"तो तर," त्या म्हणाल्या, "मीही देत असते सगळ्यांना."

म्हणजे सही आत, लग्न बाहेर,
कार पार्कच्या कडेला, कचऱ्याच्या डब्यांपासून जरा लांब.

अंतरपाट अडतीस पौंड, पोस्टेज वेगळं.
ती ओळ मी खोडली.
कपाटात एक सिंगल चादर होती, पांढरी,
नर्सेस क्वार्टर्समध्ये पहिल्या आठवड्यात घेतलेली;
तिच्यावर मी दिवसा झोपले आहे
तीन हिवाळे, पडदे ओढून.
स्वस्तिक काढायला कुंकू कालवलं,
समोरच्या घराच्या खिडकीकडे पाहिलं,
कुणाकुणाला समजावून सांगणार?
मग मूठ बुडवून दोन पावलं उमटवली, वर बोटांचे ठिपके.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
मी पाय अंथरुणावरच काढले.

डोरीननं एक टोक धरलं,
सदतीस वर्षं बेड बदलणाऱ्या हातांनी, कडक,
कोपरे ओढून, सुरकुती न ठेवता.
दुसरं एमेकानं. त्याच्या वरच्या खिशात फोन,
फोनात आई, आईच्या तोंडी मंगलाष्टका,
आणि हंबरवरून येणारा वारा, बिनआमंत्रणाचा.
चादर यशोधनच्या अंगाला अशी चिकटली
की नाक, हनुवटी, मुंडावळ्यांची गाठ,
सगळं मला दिसलं मुहूर्ताच्या आधी.
चौथ्या कडव्याला आईचा आवाज तुटला.
नेट गेलं, की दुसरं काही, ते मी अजून विचारलेलं नाही.
आम्ही सगळे गप्प.
एक ट्रक मागे येत राहिला, बीप, बीप.
मग डोरीनलाच आठवलं
आदल्या दिवशी शिकवलेलं, आणि ती ओरडली,
"सावदाऽन!"
आणि हातातलं टोक सोडून दिलं.

अक्षता नंतर मी झाडूनं भरल्या. कबुतरांनी निम्म्या नेल्या.
हिशोब अकरा पौंडांनी चुकला. टॅक्सी.

चादर साठ डिग्रीवर दोनदा धुतली.
पावलं गुलाबी झाली, गेली नाहीत.
रात्री यशोधनचे पाय तिच्याबाहेर राहतात.
तो उंच आहे, चादर सिंगल.
शीटमध्ये एक नवीन ओळ टाकली आहे:
डबल चादर. सेल लागला की.