मधला माणूस

क्लायपेडा बंदराच्या कचेरीत, तळघरात,
जुन्या डिस्क फिरायच्या तेव्हा आवाज यायचा.
कुठली थकली ते कानाला कळायचं.
ब्रोन्युस तर दाराबाहेरूनच सांगायचा,
"तिसरी. आठवडा काढेल."
काढायचीही. नेमका आठवडा.

नोव्हेंबरात आम्ही आठ एसएसडी बसवल्या,
सिगारेटच्या पाकिटाएवढ्या.
खोली इतकी गप्प झाली
की मला माझ्याच बुटांची लाज वाटली.
कंट्रोलर तोच ठेवला.
चांगला होता. पैसेही नव्हते.

आणि वर खिडकीशी बसलेली युर्गिता म्हणते,
"लुबेकचं जहाज पडद्यावर उमटेपर्यंत
पूर्वी अख्खा चहा संपायचा.
आता एक घोट उरतो.
एका घोटाचे केवढे युरो?"

घोडं कुठे पेंड खातंय?
रात्रभर आकडे काढले.
एकटी डिस्क, वारा.
दोन जोडल्या, दुप्पट.
चार जोडल्या, जेमतेम तिप्पट.
आठ जोडल्या, तरी काटा तिथेच,
भिंतीला नाक लावून.

मग दिसला तो. मधला माणूस.
दारात उभा, हातात वही,
एकेक चिठ्ठी वाचून, क्रम लावून आत सोडणारा.
त्याची चूक नाही.
त्याला घडवलं तेव्हा
तबकडीवरची सुई जागेवर पोचायला आठ मिलिसेकंद लागायचे,
तेवढ्यात त्याच्या शहाणपणाला भरपूर जागा होती:
न मागितलेलं पुढचं पान आधीच आणून ठेवायचं,
लिहायचं ते आपल्या पदरात घ्यायचं,
सवडीनं खाली द्यायचं.
मंदांमध्ये तो चपळ होता.
आता ज्यांची तो वाट सोपी करतो
त्या कधीच पोचलेल्या असतात,
आणि त्याचं वाचून होईपर्यंत
उभ्या राहतात. अदबीनं.

पहाटे साडेतीनला त्याला सांगितलं,
पुढचं वाचू नकोस. पदरात घेऊ नकोस.
नुसतं दार उघड.
तीन ओळी. मग 'होय'.

काटा उडाला.
मी ओरडलो, तळघरात एकटाच.
आणि मग ब्रोन्युस आठवला.
जूनमध्ये केक कापून
आम्ही त्यालाही साधारण हेच सांगितलं होतं.

एक गोष्ट मात्र या कंट्रोलरला जमतच नाही.
वर आम्ही पुसतो, भंगारात गेलेली जहाजं, रद्द झालेल्या फेऱ्या,
पण 'ते गेलं' एवढा निरोप
तो खाली देत नाही.
त्याच्या भाषेत तो शब्दच नाही.
खाली डिस्क ते सगळं जपत बसतात,
मेलेलं सामान या खोलीतून त्या खोलीत हलवत,
आणि दमतात.
म्हणून पाचवा हिस्सा कोराच ठेवला.
हिशेब बघणारा अल्विदास म्हणाला,
"रिकाम्या जागेचे पैसे?"
म्हटलं, तू होडी धक्क्याला लावतोस,
तेव्हा वळायला पाणी लागतं ना?
त्यानं सही केली. पटलं नव्हतं.

रविवारी ब्रोन्युस भेटला, धुरावलेल्या माशांच्या टपरीपाशी.
"कोण कुरकुरतंय सध्या?"
"कुणीच नाही. या सांगून जात नाहीत."
बोटावरची चरबी चाटत तो थांबला.
"आठही एकाच खोक्यातल्या?"
"हो."
"सगळ्यांना लिहायला सारखंच?"
"वाटून. अगदी सारखं."
"मग दोन उद्याच काढ."
"चांगल्या आहेत त्या."
"म्हणून तर."

सोमवारी एक काढली, चांगलीच.
नवी आत भरेपर्यंत जागचा हललो नाही. मग दुसरी.
दोन्ही खणात ठेवल्या, चिकटपट्टीवर तारीख लिहून.
आता सगळ्या एकाच रात्री जाणार नाहीत.

युर्गिताची नवी तक्रार आहे.
चहा थंड होतो म्हणते,
प्यायला वेळच मिळत नाही.