मालगाडी जाईपर्यंत

पहिल्या रविवारी मी फक्कीनं मैदान आखलं,
धरणगावला, बंद जिनिंगच्या अंगणात.
नऊ बाय अठरा, कोपरे काटकोनात,
विभागातल्या सरांनी पाठ थोपटावी असं.
आधारभाऊ काठी टेकत आले,
नेमके रेषेवर उभे राहिले.
"काय काढेल शे, ताई?"
म्हटलं, रेषा.
"कोनासाठे?"

दुसऱ्या रविवारी रखवालदाराकडून
गाठी बांधायची सुतळी मागून घेतली.
जमिनीवर ताणली, वरून चिकटपट्टी.
आता रेष बोटांना लागते, अनवाणी टाचेला लागते.
हे पुस्तकात होतं. चौथ्या प्रकरणात, आकृतीसकट.
मी ते अधोरेखितही केलं होतं,
पिवळ्या रंगानं.

चेंडू उखाकाकांनी शिवला,
चपलांचं दुकान आहे त्यांचं, स्टँडजवळ.
आत सात घुंगरं.
"ट्रॅक्टर आला, बैल गेले,
आवाज ठेवून घेतला होता," म्हणाले,
आणि शिलाईचे पैसे मात्र पूर्ण घेतले.

मुबारक तडवी विजेच्या खांबावरून पडला
तेव्हा छातीखालचं सगळं वरच अडकून राहिलं,
असं तोच सांगतो, चाकं फिरवत.
त्याला घाम फक्त कपाळाला येतो.
एप्रिलात साडेसातलाच पत्रे तडतडतात.
शकिला नवा कोरा फवारणी पंप घेऊन मागे उभी,
ज्यात औषध एकदाही भरलेलं नाही.
दर दहा मिनिटांनी त्याच्या मानेवर, पाठीवर
कपाशीवर मारावं तसं पाणी मारते.
तो ओरडतो, "मेली का बोंडअळी?"

हर्षालीला मी उचलायला गेले.
सगळेच उचलतात तिला.
भावाच्या लग्नात अख्ख्या वऱ्हाडानं
या हातातून त्या हातात नेलं, ताटासारखं.
तिचा शब्द ओठांपर्यंत यायला वेळ लागतो.
मी तिच्या काखेत हात घातलेला, तसाच.
एक शब्द आला.
मग बराच वेळ नुसतं तोंड हललं.
मग दुसरा.
"माले... इचार."

आता विचारते.
केळीच्या मळ्यातला पीव्हीसी पाइप, उभा चिरलेला,
ती तिची उतरंड. तिच्यावरून ती चेंडू सोडते.
डावीकडे, अजून, थोडं परत,
हे ती नजरेनं सांगते, मी पाइप हलवते,
मैदानाकडे पाठ करून.
नियमच तसा आहे, मदतनिसानं वळून बघायचं नाही.
विद्यापीठाच्या संघातून तीन वर्षं चढाई केलेली मी,
समोरच्यांवरून नजर काढली तर गुडघा गेलाच म्हणून समजा,
आणि आता चेंडू कुठे गेला
हे तिच्या चेहऱ्यावर वाचते.

फाइलीत बारा सत्रं, प्रत्येकाला सात रकाने.
शेवटचा : सुधारणा.
पाचव्या सत्रापुढे लिहिलं, 'दिसत नाही.'
मग खोडलं.
मग लिहिलं, 'हर्षाली पंचांशी भांडली.'
पंच मीच होते. गुण तिचाच होता.

आज नववं सत्र.
आधारभाऊंच्या डोळ्यांवर पट्टी, इतरांच्याही,
सगळे सारखे.
मी म्हटलं, शांतता. सगळं अंगण गप्प झालं,
भिंतीवर बसलेली पोरंसुद्धा.
आणि तेवढ्यात भुसावळकडून मालगाडी.

घुंगरं ऐकू येणार नाहीत,
म्हणून खेळ थांबला.
कुणी पट्टी काढली नाही.
आधारभाऊंनी चेंडू पोटाशी धरलाय.
मुबारक डबे मोजतोय, चाळीस, एकेचाळीस.
शकिलानं पंप खाली ठेवला, पदरानं मान पुसली, स्वतःची.
माझ्या हातातलं घड्याळ चालूच राहिलं,
हा वेळ कोणत्या रकान्यात घालायचा
ते प्रकरण पुस्तकात नाही.

शेवटचा डबा फाटकापलीकडे गेला.
धूळ खाली बसली.
मी शिटी ओठांना लावली,
तर आधारभाऊंनी हात वर केला.

"थांब, ताई.
आजून रूळ वाजी ऱ्हायनात."