लाल्याची सुट्टी

तर्रीपोहे खाऊन निघालो तेव्हा साडेसहा.
स्टीअरिंगवर छाया लांजेवार, कारण
आमच्यात चिखल फक्त तिलाच वाचता येतो.
जीप कामठीच्या लिलावातली, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी;
रिव्हर्स टाकायचा तर आधी
मनातल्या मनात तिची माफी मागावी लागते.

पारशिवनी मागे पडली. डांबर संपलं तिथे
चारही चाकांतली हवा अर्धी सोडली. फुस्स्.
"माणसाचीबी अशीच सोडता आली पाह्यजे बे," अन्वर म्हणाला,
आणि आम्ही हसलो,
प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघून.

सागाची पानं किड्यांनी खाऊन जाळी झालेली,
ऊन गाळणीतून उतरावं तसं बॉनेटवर.
बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या, मधे गवत.
छाया बोलत नाही. क्लच असा सोडते
जसा झोपलेल्या पोराच्या मानेखालून हात काढतात.

पहिला नाला पार. दुसरा पार.
तिसऱ्याला आम्ही आधीच टाळ्या वाजवल्या.

काळी माती ओढत नाही कुणाला,
फक्त सोडत नाही.
एक्सलपर्यंत गेलो. मग फूटबोर्डपर्यंत.
चाकाखाली दगड, दगडावर पायपुसणं,
पायपुसण्यावर निमजेची नवी सतरंजी:
सगळं घेतलं तिनं, पावती न देता.

विंचची तार ओढत मी मोहाच्या खोडाशी पोचलो
तर पलीकडून कुणीतरी:
"त्याले नोका बांधू जी."

फुलसिंग उईके. घडीचा पांढरा सदरा,
हात कोपरापर्यंत गेरूनं लाल.
मागे दोन बैल, नदीवरून धुऊन आणलेले,
शिंगं रंगवलेली, कपाळाला बाशिंग.
आमचे सगळ्यांचे डोळे बैलांकडे गेले
आणि ते जाताना त्यानं पाहिले.

"आज पोळा हाये नं," तो म्हणाला.
"काल सांजेले खांदे मळले, आवतन देल्लं.
आज यायच्या खांद्यावर काहीच नाई ठेवत."
निमजेनं पाकीट काढलं.
फुलसिंगनं पाकिटाकडे पाहिलं,
चुकीच्या घराची बेल वाजवणाऱ्याकडे पाहतात तसं,
रागानं नाही.

मग सदरा काढून मोहाच्या फांदीवर टाकला,
धोतर खोचलं आणि उतरला चिखलात.
"बैलाले सुट्टी हाये. मले कुठं?"

चौघांचे खांदे टेलगेटला. छाया आत, पहिल्या गिअरवर.
एक, दोन. काही नाही.
एक, दोन.
माझ्या तोंडात माती, अन्वरच्या तोंडात अल्ला,
आणि फुलसिंगच्या तोंडून, सवयीनं:
"हाल रे लाल्या! हाल!"

झाडाखालच्या लाल्यानं कान टवकारले,
बाशिंगासकट एक पाऊल पुढे टाकलं.
"तुले नाई बाप्पा," फुलसिंग मान वळवून म्हणाला,
"तू ऱ्हाय उभा. मी यायले म्हणून राह्यलो."

हसता हसता जोर गेला की लागला, माहीत नाही.
माती एकदम खोकली
आणि जीप वर.

बसा म्हटलं, सोडतो गावापर्यंत.
नाही म्हणाला, तोरण तुटायच्या आत बैल पोचले पाहिजेत,
आणि त्यांना आवाजाची भीती वाटते.
म्हणून पुढे बैल, मागे आम्ही.
तीन किलोमीटर. छायानं एकदाही हॉर्नला हात लावला नाही.
वाऱ्यानं झूल हलायची,
फुलसिंगच्या उघड्या पाठीवर आमच्या बंपरचा चिखल
वाळत, तडकत जायचा.
सदरा त्यानं घातलाच नाही, घडी मोडेल म्हणून.

सोमवारी शहरात मारबत निघाली. मला शिफ्ट.
कोराडीच्या कंट्रोल रूममध्ये
उजवा हात वरच्या स्विचपर्यंत पोचेना;
डाव्यानं दाबला, कुणी विचारलं नाही.

रात्री बायकोनं शर्ट काढायला लावला.
खांदा जांभळा.
हळद कालवली तिनं तुपात, कोमट केली.
"कुठे पडलात?"
"पडलो नाही. लाल्याची सुट्टी होती."

तिचा हात थांबला.
"कोण लाल्या?"