शिरा तेवढ्या हिरव्या

उचगावच्या गच्चीवर चार इंची पाइपांना भोकं पाडून
जमीर मुल्लाणीनं मला शेत करून दिलं.
माती नाही. खालच्या निळ्या टाकीत
पाणी, खत, आणि पाव हॉर्सपॉवरची एक कुरकुर.
वरती लेट्यूस. बाराशे रोपं,
ताराबाई पार्कातल्या दोन हॉटेलांना दर मंगळवारी.

मार्गशीर्षात पहिल्यांदा दिसलं:
मधलं कोवळं पान पिवळं,
शिरा तेवढ्या हिरव्या,
जणू नकाशात कुणी नदी-नाले काढले
आणि शेतं रंगवायची राहून गेली.

वहीत लिहिलेलं होतंच:
जुनं पान आधी पिवळं पडलं तर नत्र,
जुन्याच्या शिरांमधली जागा पिवळी तर मॅग्नेशियम,
नव्याची पडली तर लोह.
म्हणजे लोह. सोपं होतं.
लाल भुकटी तोलून घातली,
चार दिवसांनी पुन्हा.
पानांच्या कडा करपल्या. तेही वहीत लिहिलं.
मीटर म्हणत होता, सामू सहा पूर्णांक एक.
रोज सहा पूर्णांक एक.
इतकं शहाणं पाणी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

येताना रंकाळ्यावर केंदाळ दिसलं.
मुळं पाण्यात, टाकी ना मीटर,
महापालिकेनं ट्रॉल्या भरभरून काढायचं
आणि त्यानं रात्रीत पुन्हा पसरायचं.
मला त्याचा राग आला. खरंच आला.

रविवारी आबा गच्चीवर चढले.
ज्योतीराम चौगुले, वडणग्याचे गुळवे,
अठ्ठेचाळीस हंगाम काहिलीच्या काठावर,
गुऱ्हाळ विकल्यापासून फारसं न बोलणारे.
त्यांनी वही मागितली नाही.
पाइपाच्या तोंडाशी साचलेला पांढरा थर
नखानं खरवडला, जिभेवर ठेवला.
"चुना."
मग पान उन्हाकडं धरून:
"ह्ये उपाशी न्हाई. ताट वाढलंय.
दातखीळ बसलीया याची."

उकळत्या रसात ते चुन्याची निवळी घालायचे.
किती, ते कुणी मोजलं नाही.
कमी पडली तर ढेप बसायची नाही,
जास्त झाली तर गूळ काळा.
फेसाचा रंग बघून हात थांबायचा.
मी बी.एस्सी. झाले तेव्हा
त्या थांबण्याला आमच्यात सामू म्हणतात
हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

मी मीटर चहात बुडवला.
सहा पूर्णांक एक.
लिंबाच्या रसात. सहा पूर्णांक एक.
जमीर पोट धरून जिन्यात बसला.
टोपण दिवाळीच्या सफाईत हरवलेलं,
काचेचं बोंड कोरडं पडलेलं,
आणि मी त्याच्या शब्दावर
बोअरच्या जड पाण्यात लोह ओतत होते.
खोटं बोलत नव्हता तो,
फक्त दिवाळीच्या आधलंच बोलत राहिला होता.
कागदाची पट्टी टाकीत धरली: गडद हिरवी.
पावणेआठ. आठही असेल.

टाकी निम्मी उपसली.
फॉस्फोरिक आम्ल, थेंब,
ढवळ, थांब, पट्टी, पुन्हा थेंब.
बिघडलेली पानं पिवळीच राहिली.
हॉटेलांना फोन करून या मंगळवारी नाही म्हटलं,
पुढच्याही.
नवव्या दिवशी गाभ्यातून नखाएवढं पान आलं,
शिरा शोधाव्या लागतील असं.

आता नवा मीटर आहे. त्याचं बोंड
क्षाराच्या पाण्यात ओलं ठेवते.
आबांना आकडा सांगितला, पाच पूर्णांक नऊ.
त्यांनी टाकीत बोट बुडवलं, चाखलं, थुंकले.
"आसंल," म्हणाले,
आणि मग दिवेलागणीपर्यंत बोलत बसले
ब्याऐंशी सालच्या एका काहिलीबद्दल,
जी त्यांच्या हातून काळी झाली होती.