सव्वादोन तोळे

पारोळ्याच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो,
म्हणजे बाटल्या धुणारा, पुड्या बांधणारा,
आणि कापाकापीच्या दिवशी
रोग्याच्या नाकावर क्लोरोफॉर्मचे थेंब सोडणारा.
पगार अठरा रुपये.

उखर्डू विसपुते वैशाखात आला,
तामसवाडीहून, बैलगाडीत पालथा पडून,
कारण बसता येत नव्हतं.
धार मध्येच तुटते, म्हणाला,
आतून कुणी बोट लावावं तशी.
सोळा वर्षं.
कुळथाचं पाणी झालं, पाषाणभेद झाला,
पद्मालयाच्या गणपतीला बोलून झालं,
एका वैदूने कमरेवर डागलंही होतं,
तिथं पैशाएवढे दोन गुळगुळीत वण.
आमच्याकडचं विहिरीचं पाणीच तसं,
हंड्याला आतून पांढरं कवच धरतं.
ते चिंचेने निघतं.
माणसाला आतून चिंच लावता येत नाही.

डॉक्टर पुणतांबेकर कमी बोलायचे.
त्यांनी वाकडी पोलादी सळई उकळून घेतली, तेल लावलं
आणि अशी अलगद आत सोडली
जशी रात्री विहिरीत घागर सोडावी
शेजारी जागे होऊ नयेत म्हणून.
मग डोळे मिटले.
आतला फोटो काढायचं यंत्र म्हणे मुंबईला होतं.
आमच्याकडे ती सळई, आणि एका माणसाचं मनगट.
बाहेर गाढव ओरडलं. मला खिडकी लावायला सांगितली.
सळई फिरली, थांबली, पुन्हा फिरली.
डॉक्टर मान हलवू लागले, नाही म्हणून,
तेवढ्यात उखर्डूच बोलला, घामाने डबडबलेला:
"आवाज वना, डाक्तर. खडाच शे.
आवाज माले वयखू येस."
जन्मभर रुपया दगडावर आपटून
खरा-खोटा सांगणारा कान तो.
डॉक्टरांनी सळई पुन्हा तिथंच नेली.
टिक्.
मलाही आलं ऐकू.
इतकं बारीक, की त्याच्यासाठी
सोळा वर्षं कुणी ओरडलं असेल
असं वाटू नये.

दुसऱ्या सकाळी टेबलावर घेतला.
गुडघे पोटाशी बांधले. कार्बोलिकचा वास.
मी थेंब सोडत होतो, त्याला आकडे म्हणायला सांगितलं होतं,
तो म्हणत होता: गुंज, मासा, तोळा,
गुंज, मासा,
मग जीभ जड झाली.
चिमट्यात आला तेव्हा पारव्याच्या अंड्याएवढा,
वरून तुतीसारखा खरखरीत.

बाराव्या दिवशी त्याने घरून काटा मागवला.
खाटेवर बसून, हो, बसून, तोलला:
सव्वादोन तोळ्यांना तीन गुंजा कमी.
मग कसोटीवर घासला.
राखी रेघ उठली, बोटाच्या पेराएवढी.
ती तो कितीतरी वेळ बघत राहिला.
"इतलंच?"
मी रजिस्टरात लिहिलं: मुतखडा. काढला. बरा.

भाद्रपदात माझ्या घरी मथुरेच्या पोटात दुखू लागलं.
मी बोटांनी ठोकून बघितलं, डॉक्टर ठोकतात तसं.
कान लावला.
"इथं," म्हणायची, मग बोट जरा सरकायचं, "नाही, इथं."
डॉक्टर धुळ्याला गेलेले, बोरीला पूर.
मी सोडा दिला, अफूचा अर्क दिला,
माझ्या कपाटात जे जे होतं ते दिलं.
चौथ्या दिवशी दुखायचं एकदम थांबलं.
ती हसली. भाकरी टाकते म्हणाली.
मीही हसलो.
डॉक्टर नंतर म्हणाले, ते थांबणंच वाईट असतं.

रजिस्टरात माझ्याच अक्षरात आहे: उदरशूल.
म्हणजे पोटदुखी.
म्हणजे ती जे सांगत होती तेच, संस्कृतात.

दिवाळीला उखर्डू आला,
तिच्यासाठी चांदीची जोडवी घेऊन.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
मी सांगितलं.
त्याने जोडवी पुन्हा रुमालात बांधली,
गाठ सोडली, परत बांधली,
आणि दवाखान्याच्या पायरीवर माझ्याशेजारी
दिवे लागेपर्यंत बसून राहिला.
बसता येत होतं त्याला.