पाच भरायची

सहा घरं असतात त्याला, पाच भरायची.
सहावं रिकामं. त्यावर घोडा टेकवायचा,
मग वाटेत ठेच लागली तरी कुणाचं काही जात नाही.
हे बाबांनी पहिल्या दिवशी सांगितलं
आणि पुढे वर्षभर दुसरं काही सांगितलं नाही.

मयेच्या तळ्यामागे चिऱ्यांची जुनी खाण आहे.
तिन्ही बाजूंनी तांबड्या भिंती, पायऱ्यापायऱ्यांच्या,
कुणी नाट्यगृह बांधायला घेतलं
आणि पैसे संपले, अशा.
रविवारी आम्ही तिथे जातो, स्कूटरवरून,
बाबा मागे, मांडीवर कुलूप लावलेली पेटी.

दारू आमच्या घरी दोन प्रकारची,
दोन कपाटांत. एक किल्ली आईकडे, एक बाबांकडे.
कुणाकडे कुठली, विचारू नका.

पितळी मापाने दारू, वर चिमूटभर रवा,
शिऱ्याचाच, बारीक.
मग गोळी. त्या मी ओतते.
बेतीचा कायतान फाटक्या जाळ्यांची शिशी किलोवर देतो,
कशाला हवीत विचारत नाही.
गोळी घरापेक्षा केसभर मोठी हवी.
दांडा दाबला की तिच्या कडेचं वेढं सुटतं,
बाहुलीच्या बोटात जाईल एवढं.
भाचीने मागितली होती वेढी. दिली नाहीत. शिसं ते.

वरून भिरंडेल, थंडीत टाचांना लावतो तेच,
म्हणजे एका घराची आग
शेजारच्या घरात जात नाही.
हे वाक्य बाबा दोनदा म्हणतात.

शेवटी टोपी. तांब्याची, मसुरीएवढी.
इथपर्यंत बाबा येतात, पुढे त्यांचे हात येत नाहीत.
तीन वर्षं झाली, ते हात बार्जच्या इंजिनासारखे थरथरतात,
किनाऱ्याला गंजत पडलेल्या बार्जच्या नाही,
मांडवीतून खनिज भरून निघालेल्या.
टोपी गवतात पडते.
आम्ही शोधत बसत नाही. मी दुसरी बसवते.

निवडणूक आली की दोन्ही रिव्हॉल्वरं
डिचोलीच्या ठाण्यात जमा.
यंदाचा हवालदार नवीन. रजिस्टरात ‘नक्कल’ लिहून थांबला.
‘मग अस्सल कुणाकडे?’
‘ही इटलीत केली,’ बाबा म्हणाले, ‘अमेरिकेतली जुनी बघून.
त्या अमेरिकावाल्याने कुणाची बघितली, ते त्याला विचार.’
हवालदाराने विचार केला आणि लिहिलं:
अस्सल – माहिती नाही.
ती पावती बाबा फ्रेम करणार होते.
आईने करू दिली नाही.

घोडा ओढते. घर फिरतं. चाप.
आधी टोपीची टिचकी,
मग पापणीएवढा उशीर,
मग बार.
आणि धूर, पांढरा, जड,
खाणीच्या तळाशी पाहुण्यासारखा बसून राहणारा.
करवंटीला लागलं की नाही, लगेच कळत नाही.
बाबा मोडक्या खुर्चीत डोळे मिटून असतात.
‘डावीकडे गेली, बाय.’
धूर निवळतो. गेलेली असते डावीकडे.

गेल्या रविवारी तिसरा बार उडालाच नाही.
टोपी फुटली, आतून काही नाही.
अशा वेळी नळी भिंतीकडेच धरून साठ मोजायचे.
मी मोजू लागले. बाबाही, ओठांतल्या ओठांत,
मी मराठीत, ते पोर्तुगीजमध्ये;
प्राथमिक शाळेतलं तेवढंच उरलंय त्यांच्याकडे, आकडे.
वर कुठेतरी धनेश ओरडला.
बाबा साठाला आधी पोचले.
मी एकावन्नावर होते. थांबले नाही.
त्यांनीही ‘पुरे’ म्हटलं नाही.

घरी कढत पाणी, भांड्यांचा साबण,
कुजक्या अंड्यांचा वास. आई नाक धरून
खिडक्या उघडत फिरते,
तिची परात आम्ही पुन्हा घेतलेली असते.
कुंचला मात्र बाबा मला देत नाहीत.
हात थरथरतो, तो इथे उपयोगी पडतो म्हणतात.
एकेक घर घासतात. पाच.
मग सहावंही.
‘ते तर रिकामंच होतं,’ मी म्हणते.
ते कुंचला बाहेर काढून
माझ्यापुढे धरतात.
काळा.