मुक्कामी गाडी, अर्धा द्रोण

जिल्हा कोरडा आहे, कागदावर.
हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं
ज्याला ऐकायचं नाही त्यानं इथंच उतरावं.
घंटी मी मारतो.

अहेरीहून शेवटची फेरी. कोसमटोल्याला साडेआठ.
पुढे रस्ता नाही, म्हणून मुक्काम.
ड्रायव्हर बनसोड टपावर मच्छरदाणी बांधतो
अन् मी, वरूडचा, संत्र्याच्या मुलखातला,
रोकडीची पिशवी काखेत धरून
मासे पुंगाटीच्या अंगणात जाऊन बसतो.

पहिल्या रात्री तिनं पानाचा द्रोण दिला
तो मी एका घोटात रिकामा केला,
टपरीवरच्या चहासारखा.
ती काही बोलली नाही.
पुढचे आठ दिवस मला फक्त पाणी मिळालं.

मग तिच्या नातवानं, कोपानं, समजावलं:
हे ते नाही.
भट्टीवर चढवतात ती पाण्यासारखी पांढरी,
काडी लावली तर निळी पेटणारी.
हे चढलंच नाही कधी, खालीच राहिलं.
मोहाची वाळली फुलं खापरावर भाजायची,
करपायच्या एक श्वास आधी उतरवायची,
मग मडकं, मग तीन रात्री, मग फडकं.
काळसर. मवाळ. कोणाशी भांडत नाही.
"चढत नाय ते," कोपा म्हणाला, "बसते."

आता मलाही बसता येतं.

पहिले दोन थेंब जमिनीला.
कोणाच्या नावाचे, मी विचारलं नाही.
मग कंदील जरा जवळ ओढून रंग बघायचा:
काठाला तांबूस, मधे डोहासारखा,
पानाच्या शिरेला फेसाची एवढीशी रेघ.
मग नाक.
भाजल्या चण्याची टरफलं,
त्यांच्यामागे दूर कुठे गोठा.
अन् मग जीभ, पण नुसतं टोक:
गूळ काढून घेतल्यावर
कढईच्या तळाला जे राहतं, ज्याच्यासाठी
आम्ही भावंडं उलथणं घेऊन भांडायचो, ते.
चिंच आहे, पण शेजारच्या घरात.
आणि सगळं संपलं असं वाटतं तेव्हा
घशाच्या कडेला एक कडूपणा येतो,
जाताना दार हळू लोटून घेणाऱ्या
पाहुण्यासारखा.

अर्धाच द्रोण. सकाळी पाच चाळीसला ड्यूटी.
तसा पूर्ण घेतला तरी काही होत नाही,
पण ती देत नाही.

तिची मोहाची झाडं चार:
बांधावरचं, नाल्यावरचं,
वीज पडून बोडखं झालेलं,
अन् एक, ज्याच्याखाली वाघ बसला होता
म्हणून सूनबाई अजून एकटी जात नाही.
चौघांची फुलं चार टोपल्यांत, चार मडक्यांत.
परवा द्रोण हातात देऊन म्हणाली,
"सांग. कोन्त्या झाडाची?"

मी डोळे मिटले. दोन वर्षं झाली मला या रूटवर.
भाजका वास ओळखीचा, पण खाली काहीतरी गार,
ओल्या दगडाला जीभ लावल्यासारखं.
"नाल्यावरचं," मी म्हणालो.
तिनं रिकामा द्रोण घेतला, चुलीत टाकला,
कोंबड्यांवर टोपली पालथी घातली
आणि आत निघून गेली.
बरोबर की चूक? रात्रभर मी बाकावर
कूस बदलत तेच चघळत होतो.
बनसोड वरून म्हणाला, "काऊन बे, ढेकूण हायेत का?"

सकाळी ती गाडीत चढली, बाजाराला,
मांडीवर चारोळीची पुरचुंडी.
गाडीत ती मला ओळखत नाही.
मी पण नाही. कोरडा जिल्हा.
अर्धं तिकीट फाडलं, सुटे परत दिले,
तिनं मोजून गाठीला मारले.

आलापल्लीच्या फाट्यावर उतरताना
पायरीवर थांबली, माझ्याकडे न बघता म्हणाली,
"नाल्यावरचं. पन बांधावरचं बी. मूठभर."

आणि गेली.
मी तसाच, दोरी हातात,
ती मूठ जिभेवर शोधत.
मागून कोणीतरी ओरडलं,
"घंटी मार ना बे!"